दुकान वाढवण्याची वेळ

बैतूलहून भोपाळकडे जाणारी गाडी धाराखोहचा घाट उतरू लागली, की माझ्या मनात नेहमी वडिलांची आठवण जागी होते. सातपुड्याचे सागवान, पावसाळ्यानंतर खळाळणारे ओहोळ, इटारसीचा गजबजाट, मग नर्मदेचा पूल आणि पुलावर गाडी आली की खिडकीतून नाणे टाकून हात जोडणारे प्रवासी. बुधनी सोडल्यावर पुन्हा विंध्याची चढण. हाच मार्ग वडिलांनी १९५६ साली पत्करला. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे गेला आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबे फायलींच्या पाठोपाठ इकडे आली. वडील तेव्हा पंचवीस वर्षांचे कारकून होते. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत दोन धोतरे, दासबोधाची प्रत आणि तान्ह्या पोळ्याचा एक लाकडी बैल होता. बैलाला चार चाके होती, आणि पाठीवर कधीकाळी रंगवलेली झूल होती. 'मुले होतील तेव्हा लागेल' असे म्हणून आजीने तो बळेच ट्रंकेत घातला होता म्हणे.

तो बैल हा या लेखाचा विषय नव्हे; परंतु त्याच्यावाचून हा लेख पुरा व्हायचा नाही, म्हणून आरंभीच त्याची ओळख करून दिली.

आमचे बालपण तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरमध्ये गेले. निवृत्ती जवळ आली तेव्हा वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून अरेरा कॉलोनीत घर बांधले. बांधले म्हणजे तळमजलाच. वरचा मजला पुढे धाकट्या भावाने चढवला. नागपूरहून आलेल्या त्या पिढीतील अनेकांची आयुष्ये अशीच क्वार्टरमधून स्वतःच्या दोन खोल्यांपर्यंत पोहोचली. अरेरा टेकडीवर वल्लभ भवनाचे सचिवालय, विधानसभा आणि बिर्ला मंदिर. आणि टेकडीच्या दक्षिणेस झाडांच्या छायेत पसरलेली ही वसाहत. एकेकाळी गावाबाहेरची, आता गावाच्या मध्यावर आलेली.

ज्यांनी अरेरा कॉलोनी पाहिली नाही, त्यांना तिची गंमत सांगितली पाहिजे. येथे ठिकाणांना नावांपेक्षा अंक अधिक. कोणी 'पाँच नंबर'ला राहतो, कोणी 'दस नंबर'च्या बाजारात भाजी घेतो, कोणी 'ग्यारह नंबर'ला उतरतो. हे सारे मूळचे बसथांब्यांचे क्रमांक. थांब्यांचा उपयोग कमी झाला, पण अंक लोकांच्या जिभेवर कायम राहिले. घरांचे पत्तेही ई–१, ई–२, ई–७ असेच. बाहेरच्या माणसाला वाटावे की आपण एखाद्या गणिताच्या पुस्तकात शिरलो. मात्र या रुक्ष अंकांवर निसर्गाने मायेची पाखर घातली आहे. गुलमोहर, कडुनिंब, बहावा यांनी रस्ते झाकले आहेत. एका बाजूला शाहपुऱ्याचा तलाव, दुसरीकडे चार इमलीच्या बाजूस 'एकांत' हे समर्पक नाव मिरवणारे उद्यान, आणि मध्ये बिट्टन मार्केटचा हाट. नव्या पाहुण्याला प्रथमदर्शनी वाटते, की ही निवांत माणसांची वसाहत असावी.

हा समज फाटकांवरील पाट्या वाचू लागलो, की नाहीसा होतो. वडिलांच्या काळी येथे पाट्यांवर एक नाव आणि त्याखाली 'सेवानिवृत्त' एवढेच असे. आज त्याच फाटकांवर दंतवैद्य, वास्तुशिल्पी, चार्टर्ड अकाउंटंट, फिजिओथेरपिस्ट, गणिताच्या शिकवण्या, शिवणकाम, घरगुती डबे. बापाने बांधलेल्या घराच्या तळमजल्यावर मुलाने स्वतःचा व्यवसाय थाटलेला, आणि कुटुंब वरच्या मजल्यावर सरकलेले. आमच्या मराठी घरांत तर हा बदल विशेष जाणवतो. जी पिढी नोकरीसाठी नागपूर सोडून आली, तिची मुले-नातवंडे नोकरीविना, स्वतःच्या हिमतीवर उभी आहेत. याचा अभिमान वाटतोच. परंतु एक गोष्ट या स्थित्यंतरात नकळत हरवली. वडिलांना वर्षारंभी सुट्यांचे छापील परिपत्रक मिळे. मुलांना ते कोणी पाठवीत नाही.

माझा धाकटा भाऊ कर सल्लागार आहे. घराच्या तळमजल्यावरच त्याचे कार्यालय. मदतीला दोन तरुण मुले. आपल्या घरांत पंचांगाप्रमाणे एकादशी येते, संकष्टी येते. त्याच्या पंचांगात सात तारीख येते, अकरा येते, वीस येते. सातला उद्गम कर भरायचा, अकराला विक्रीचे विवरण, वीसला वस्तू व सेवा कराचे मासिक विवरण. १ जुलै २०१७ रोजी तो कर आला, आणि तेव्हापासून त्याचा एकही महिना मोकळा गेला नाही. त्यावर जुलैअखेरीस आयकराची विवरणे, सप्टेंबरअखेरीस लेखापरीक्षणाची घाई, तिमाहीस आगाऊ कराचे हप्ते. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. मी त्याला गमतीने फोनवर म्हणालो, "या वर्षी पंचांगाने एक महिना जास्त दिला आहे रे, जरा दम खा." तो म्हणाला, "दादा, त्या अधिक महिन्यातच ३१ जुलै आहे." तेव्हा आम्ही दोघेही हसलो होतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या भावजयीचा फोन आला. ती सहसा तक्रार करणारी नव्हे. म्हणाली, "दादा, तुम्हाला सवड असेल तर एकदा येऊन जा. यांना काही झालेलं नाही. सगळ्या तपासण्या ठीक आहेत. पण हे जिन्यावर बसून राहतात."

"जिन्यावर म्हणजे?"

"सकाळी तयार होऊन निघतात. मधल्या पायरीवर बसतात. जोडे हातातच असतात. अर्धा-अर्धा तास. मी विचारलं तर म्हणतात, खाली जायचं आहे, पण पाय उचलत नाही."

मी शासकीय शाळेचा मुख्याध्यापक. नोकरीच्या एवढ्या वर्षांत अर्जित रजेचा अर्ज मी मोजक्याच वेळा केला असेल. त्या दिवशी केला, आणि ११ सप्टेंबरच्या गाडीत बसलो. ज्या स्थानकावर उतरलो त्याला आमच्या तोंडी अजून हबीबगंजच येते. २०२१च्या नोव्हेंबरपासून ते राणी कमलापती स्थानक झाले. चकचकीत काचा आणि सरकते जिने. माझ्या मनात मात्र एकच जिना होता, चौदा पायऱ्यांचा, माझ्या भावाच्या घरातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मी डोळ्यांनी पाहिला. न्याहारी करून भाऊ उठला, चार-पाच पायऱ्या उतरला आणि बसला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. खालून फोनची घंटा ऐकू येत होती. तो म्हणाला, "दादा, पूर्वी ही घंटा वाजली की मला काम आलं असं वाटायचं. आता वाटतं, कुणीतरी मारायला आलं." थोड्या वेळाने त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. मागच्या महिन्यात त्याच्या हातून एका छोट्या दुकानदाराच्या विवरणात आकडा चुकला होता. विलंबशुल्काची रक्कम फारशी नव्हती, ती त्याने स्वतः भरली. "रकमेचं दुःख नाही," तो म्हणाला, "पण तो माणूस समोर येऊन बसला तेव्हा मला त्याचा राग आला. चूक माझी, आणि राग त्याच्यावर. वीस वर्षं ज्याचं खातं मी लिहितो, त्याच्यावर."

आता मला कबूल केले पाहिजे, की यावर मी काय केले. हेडमास्तर जे करतो तेच. मी उपदेश केला. माणसाने विश्रांती घ्यावी, काम काय संपणारे नसते, शरीर हे पहिले साधन आहे, महिनाभर कोठे तरी जाऊन ये. भाऊ शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तू उन्हाळ्यात सुटीवर असतोस तेव्हा पगार थांबतो का रे?"

मी गप्प झालो. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगावे, तसा माझा उपदेश होता. मी सुटी घेतो ती कोणीतरी दिलेली, कोणीतरी सही केलेली आणि कोणीतरी पैसे मोजलेली असते. त्याने सुटी घेतली तर त्या दिवसाची मिळकत जाते, आणि कदाचित ग्राहकही जातो. त्याची अडचण आळसाची नव्हती, अज्ञानाचीही नव्हती. त्याला सुटी देणारे कोणी नव्हते, एवढेच.

या अवस्थेला आता जगाने नाव दिले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली तिच्याविषयी लिहिले. 'बर्नआउट' हा त्यांचा शब्द आज आपल्या घरांतील मुलांच्याही तोंडी आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीसंबंधी खुलासा करताना सांगितले, की हा रोग नव्हे, कामातून उद्भवणारी अवस्था आहे. दीर्घकाळचा ताण नीट न हाताळला गेल्याने ती येते. तिची लक्षणे तीन : शक्ती निघून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि हातचे काम उणावणे. पायरीवर बसून भावाने मला जे सांगितले, त्यात ही तिन्ही लक्षणे क्रमाने आली होती. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. मी भावाचे तास मोजले. सत्तरच्या खाली आठवडा सापडेना.

आपल्याकडे आठवड्याची सुटी कशी आली, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ती सुटी दयेने मिळालेली नव्हती, मागून घेतलेली होती. पुढे १९४२ च्या साप्ताहिक सुटीच्या कायद्याने दुकानांनाही आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद ठेवण्याची तरतूद केली. परंतु भावाशेजारी बसलो असता मला प्रथमच जाणवले, की लोखंडे यांच्यासमोर मालक होता. मागणी करायला समोर कोणीतरी लागते. ज्याचा मालकही तोच आणि कामगारही तोच, त्याने अर्ज कोणाकडे करायचा?

याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते कपाटावर सापडले.

१३ तारखेच्या संध्याकाळी मी तळमजल्यावर भावाच्या कार्यालयात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पोळा. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, पंधराला, आगाऊ कराचा हप्ता. दोन्ही मुले खाली मान घालून काम करीत होती. सहज दृष्टी वर गेली, तर फायलींच्या कपाटावर, धुळीत, वडिलांच्या ट्रंकेतला तो लाकडी बैल! एक चाक निसटलेले, पाठीवर कोणी तरी विवरणांचा गठ्ठा ठेवलेला. मी उठून तो गठ्ठा उतरवला, बैल खाली घेतला आणि फडक्याने पुसू लागलो. भाऊ पाहत होता.

वाचकांपैकी ज्यांचे मूळ वऱ्हाड-नागपुराकडे आहे त्यांना पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचा विधी ठाऊक असेल. बैलांना नदीवर नेऊन न्हाऊ घालतात. मग त्यांचे खांदे शेकतात, हळद-तूप चोळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. वर्षभर जेथे जू बसले त्या जागेवर धन्याचा हात फिरतो. मला या विधीचे मर्म त्या दिवशी कळले. तो केवळ कौतुकाचा सोहळा नव्हे, ती तपासणीही आहे. खांद्याला घट्टा पडला आहे का, कातडे सोलले आहे का, हे धन्याला हाताने कळावे. आणि दुसऱ्या दिवशी जू नाही म्हणजे नाही. पेरणी अडो की डवरणी अडो. बैल दमला आहे का, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. तिथी आली, जू उतरले.

मी भावाला म्हणालो, "तुला सुटी देणारा धनी नाही असं तू म्हणतोस. पण आहे की. बैलही तूच आणि धनीही तूच. बैलाचं काम तू चोख केलंस. धन्याचं तेवढं राहिलं."

तो काही बोलला नाही. त्याने माझ्या हातातून बैल घेतला आणि निसटलेले चाक बसवून पाहू लागला. चाक बसले नाही. पण रात्री उशिरापर्यंत बसून त्याने आणि मुलांनी हप्त्यांची कामे हातावेगळी केली. मीही आकडे वाचून दाखवायला बसलो. दोन ग्राहकांचे कागद आले नव्हते, त्यांना भावाने निरोप धाडला : उद्या कार्यालय बंद, परवा सकाळी आठला उघडेल. निरोप लिहून झाल्यावर तो बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होता. बारा वर्षांत कामाच्या दिवशी त्याने असा निरोप कोणाला धाडला नव्हता.

पोळ्याच्या दिवशी भावजयीने पुरण घातले. खाली दाराला कुलूप होते. अकराच्या सुमारास फाटक वाजले. चौकातील एक वृद्ध व्यापारी आले होते, भोपाळचे प्रसिद्ध जरीचे बटवे विकणारे. वडिलांच्या वेळेपासूनचा घरोबा. त्यांना निरोप पोहोचला नसावा. भाऊ ओशाळून खाली गेला, मागोमाग मी. कुलपाकडे पाहून ते म्हणाले, "अच्छा, आज दुकान बढ़ा दी!"

भावाने क्षमा मागितली तर म्हातारबुवा हसले. त्यांच्या वडिलांची शिकवण होती, की दुकानदाराने 'बंद' हा शब्द तोंडातून काढू नये. संध्याकाळी फळ्या लावायच्या, पण म्हणायचे 'दुकान बढ़ाते हैं.' मी मराठीचा विद्यार्थी; मला एकदम आपली भाषा आठवली. आपणही दिवा विझवत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. जुने व्यापारी दुकान बंद करीत नसत, वाढवीत. अशुभ शब्द टाळावा म्हणून हा प्रयोग, असे मी वर्गात आजवर शिकवत आलो, आणि ते खरेच आहे. पण त्या फाटकाशी उभे राहून वाटले, की ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना आणखीही काही कळले असावे. फळ्या लागल्या म्हणजे धंदा उणा होत नाही. उद्या उघडण्याजोगा राहतो. जे वेळेवर वाढवले जात नाही, ते एक दिवस खरोखरच बंद पडते.

पुण्याच्या दुकानदारांच्या दुपारी एक ते चारच्या विश्रांतीवर आपण सगळ्यांनी विनोद केले आहेत, मीही केले आहेत. चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांतून वार्ता झाली. हसणे सोपे होते. पण जेवून घटकाभर पाठ टेकणारा तो दुकानदार संध्याकाळी पुन्हा ताठ उभा राहत असे, हे त्या विनोदात कोणी सांगितले नाही.

म्हातारबुवा पुरणपोळी खाऊन गेले, आणि जाताना आम्हाला रात्री चौकात येण्याचे निमंत्रण देऊन गेले. जुन्या भोपाळात पटियांची रीत आहे. दुकानांपुढे, घरांपुढे दगडी पटिया. रात्री काम आटोपले की त्यांवर माणसे येऊन बसत. गप्पा, बुद्धिबळ, शायरी, चहा. आता ती बैठक पुष्कळ विरळ झाली आहे. तरी त्या रात्री चार-सहा मंडळी होती. कोणी घड्याळजी, कोणी शिंपी, कोणी किराणा दुकानदार. सारे स्वतःच्या कष्टावर जगणारे. भाऊ त्यांच्यात दोन तास बसला. कोणी त्याला कराविषयी एक प्रश्न विचारला नाही. परतताना तो म्हणाला, "दादा, हे लोक रोज दुकान वाढवून इथे येतात. माझं दुकान तर घराच्या खालीच आहे. मी वाढवतो केव्हा, आणि येतो कुठे?"

प्रश्न खरा होता. घर आणि धंदा यांच्यात पूर्वी एक रस्ता असे. अरेरा कॉलोनीतल्या त्या पाट्या पाहा : तेथे रस्त्याच्या जागी चौदा पायऱ्या उरल्या आहेत, आणि खिशातल्या फोनने त्याही नाहीशा केल्या आहेत.

पुढचे तीन दिवस आम्ही सकाळी शाहपुऱ्याच्या काठाने फिरलो आणि हिशोब मांडला. भावनेने सुटी टिकत नाही, हिशोबाने टिकते, हे मला भावाकडून शिकावे लागले. समजण्यापुरते धरा, की घर आणि कार्यालय चालवायला वर्षाला सात लाख रुपये लागतात. भाऊ मनातल्या मनात त्याला ३६५ नी भागत असे. दिवसाला १,९१८ रुपये. मग प्रत्येक रविवार हा त्याला १,९१८ रुपयांचा तोटा वाटे. आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. रविवार बावन्न. दर महिन्याच्या वीस तारखेचे ओझे उतरल्यावर एकवीसला कार्यालय बंद, असे बारा दिवस. सण दहा. वर्षातून एकदा गावाबाहेर अकरा दिवस. हे पंच्याऐंशी दिवस आधी बाजूला काढले, उरले २८०. सात लाखांना २८० नी भागले, की दिवसाचा दर २,५०० रुपये येतो. माझ्या बारा महिन्यांच्या पगारात जशी सुटी आधीच धरलेली असते, तशी त्याच्या दरात त्याची सुटी धरलेली हवी. तोटा सुटीत नव्हता, भागाकारात होता.

हे कागदावर सोपे होते, प्रत्यक्षात नव्हते. दर वाढवावे लागले. तीन ग्राहक सोडून गेले, त्यांतला एक मोठा होता. त्या वर्षी दिवाळीला घरात नवे काही आले नाही. भावजय म्हणाली, "जिन्यावरून उतरतात ना नीट, मग पुरे." दोन गल्ल्या पलीकडे आणखी एक कर सल्लागार राहतात, आजवर दोघे एकमेकांकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहत. आता एकाच्या सुटीत दुसरा तातडीचे काम सांभाळतो. शेतकऱ्यांत याला सावड म्हणतात. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. शहरात येताना ही रीत गावीच ठेवून आलो होतो.

असे नव्हे, की सारे एकदम सुरळीत झाले. पहिल्या एकवीस तारखेला भाऊ दुपारी तीनदा खाली जाऊन कुलूप पाहून आला. सप्टेंबरअखेरची घाई त्याला सोसावीच लागली; ती सरल्यावर एका वैद्यकीय तज्ज्ञाकडेही तो काही दिवस जात होता, आणि ते आवश्यकही होते. सुटी हे प्रत्येक दुखण्याचे औषध नव्हे. परंतु त्या घटनेला आता दोन वर्षे होऊन गेली आहेत, आणि जिना पुन्हा केवळ जिना झाला आहे.

मला स्वतःला यातून जे मिळाले, तेही सांगून टाकतो. नाहीतर हा लेख पुन्हा उपदेशच ठरेल. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मी फोन उघडला आणि शाळेच्या शिक्षकांना मी धाडलेले निरोप वाचत गेलो. रात्री साडेनऊ, रात्री दहा, रविवारी सकाळी सात. 'माहिती तातडीने पाठवावी.' वरून आलेली घाई मी खाली ढकलत होतो, आणि मनाशी समजत होतो, की कर्तव्यदक्षता हीच. भावाला धन्याचे कर्तव्य शिकवायला गेलेला मी, माझ्या हाताखालच्या बारा माणसांच्या खांद्यांवरून कधी हात फिरवला नव्हता. आता संध्याकाळी सातनंतर मी निरोप लिहिला तरी तो सकाळी धाडतो. आजवर त्यामुळे शासनाचे कोणतेही काम अडलेले मला आढळले नाही.

मागच्या पोळ्याला मी पुन्हा अरेरा कॉलोनीत गेलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता. रस्ते धुऊन निघाले होते. फाटकावर, भावाच्या नावाच्या पाटीखाली, एक लहानशी नवी पाटी दिसली. कामाच्या वेळा, रविवार, एकवीस तारीख. कोपऱ्यावर दोन पाट्या पुढे, एका दंतवैद्यांच्या फाटकावरही तशीच एक पाटी लागली होती. ती कोणी कोणाची पाहून लावली, हे मी विचारले नाही.

लाकडी बैल कपाटावरून उतरून आता टेबलावर आला आहे. सुताराकडून त्याला चौथे चाक बसवून घेतले आहे. नव्या लाकडाचा रंग जुन्याशी जुळत नाही, पण तो चालतो. आदल्या संध्याकाळी, सात वाजता, भावाने दिवे मालवले, मुलांना घरी धाडले आणि मला म्हणाला, "चल दादा, दुकान वाढवलं." मग चौदा पायऱ्या आम्ही बरोबर चढून गेलो. वर पुरणाचा वास सुटला होता.